थिजलेलं

पौषात गाडी सुरू होते, वळत नाही.
पहाटे साडेचारला तळ्यावर वाफ असते
आणि मी स्टेअरिंगला लोंबकळते,
कोरड्या रहाटाला लोंबकळावं तशी.
मागे तीन क्रेट रोहू, एक मरळ, बर्फ.
बर्फ मागे हवा होता.
पुढे कोणी मागितला?

पाळीवरच्या माणसांनी निदान केव्हाच केलं होतं:
बाईच्या दंडात जोर नाही.
"पेज पीत जा वहिनी," सोनबा मारबते म्हणाला.
मी हसले,
आणि शालीआड दंड चाचपून पाहिले.
दुपारी हीच गाडी दोन बोटांनी वळते,
पण दुपारी ते सगळे झोपलेले असतात.

कोहमाऱ्याच्या नाक्यावर झनकलाल पटले,
कानटोपी, शेकोटी, शेकोटीशी एक कुत्रं.
त्यानं आधी टायरला लाथ घातली,
मग हवा नीट मोजली. हवा बरोबर.
पट्टा अंगठ्यानं दाबला.
"वळवताना चिरकते का?"
चिरकत नाही, कण्हते.
"कशी?"
मी ओठ मिटून काढून दाखवलं, हंऽऽऽ,
कुत्रं उठून बसलं.
"पंप बोलून राह्यला," तो म्हणाला. "पन काहून, ते पाहू."

मग तो स्वतः चढला.
मी त्याच्या दंडाकडे पाहत होते.
स्टेअरिंग पाव फेरा आलं, थांबलं.
मानेची शीर उभी राहिली, दात दिसले.
मला इतकं बरं वाटलं
की ते कोणाला सांगू नये.

टाकीचं झाकण उघडून त्यानं बोट बुडवलं.
तेल बोट सोडेना,
एकतारी पाकासारखं लांबत राहिलं.
वास घेतला. पुन्हा घेतला.
"खोबरेलाची बाटली थंडीत कोठी ठेवता ताई?"
उन्हात. कुंपणाच्या खांबावर.
"अन् जवसाचं तेल?"
जवसाचं कुठं थिजतं?
"मंग. तेल तेल सारखं नसते.
ह्यात कोनी तरी गिअरचं ओतलं."

कोणी तरी.

भादव्यात नळी ठिबकत होती.
दुकानदार म्हणाला, तेलच आहे, टाका.
नरसाळं नव्हतं.
सागाचं पान दुमडून मीच ओतलं,
एक थेंब सांडू दिला नाही,
आणि घरी येऊन दोनदा सांगितलं
की मिस्त्रीचे पैसे वाचले.

"आधीच्या मालकानं असेल," मी म्हणाले.
झनकलालनं मान वर केली नाही.
नळी सोडली, नवा चिमटा लावला.
डबड्यात काळं उतरत राहिलं,
सावकाश, जसं काही त्याला कुठं जायचंच नव्हतं.

पुढची चाकं जॅकवर अधांतरी.
नवं तेल लाल, पातळ,
पळसफुलांच्या पाण्याच्या रंगाचं.
"इंजिन बंदच राहू द्या. फिरवा.
डावीकडं शेवटवर, उजवीकडं शेवटवर.
अडलं की तेथी दाबून नका धरू."
डावं. उजवं.
टाकीत बुडबुडे येत होते,
गाळाखालून मरळ श्वासाला येते तसे.
अठरा, एकोणीस, मग मोजणं सुटलं.
फेस विरला. त्यानं बोटानं किल्ली दाखवली.
कण्हणं आलं, थोडं घुटमळलं,
गेलं.

साडेसातशे, आणि मरळ त्यानं ठेवून घेतली.
"आठ दिसांनी तेल पाहा. सीलचा भरोसा नाही."
गिऱ्हाइकं केव्हाच उठली होती.
रोहू उतरत्या भावानं गेला.

दुसऱ्या पहाटे पाळीवर, वाफेत,
मी तीच गाडी एका हातानं वळवली,
दुसऱ्या हातात चहा.
सोनबानं पाहिलं, बाकीच्यांना कोपर मारलं:
"पाहा, पेज लागली अंगी."

मी नाही म्हटलं नाही.

अर्धा डबा अजून ओसरीत आहे.
दाराच्या बिजागरीला देते त्यातलं.
ऊन आलं की दार बरं उघडतं.